दुर्बीण घेण्यापूर्वी

हैदराबादेतील आपल्या मराठी मंडळींच्या न्यासाची महोत्सवी स्मरणिका निघत आहे, तीत सभासदांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून आली, तेव्हा विषयासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. दहावीचा निकाल लागला किंवा न्यासाच्या शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडली, की दोनचार पालक तरी मला गाठून एकच प्रश्न विचारतात : "सर, मुलाला आकाशाचा नाद लागला आहे. दुर्बीण घेऊन द्यावी म्हणतो. कोणती घेऊ?" रस्त्यात उभ्याउभ्या दिलेले उत्तर नेहमीच तुटक होते. तेच येथे सविस्तर देत आहे.

उत्तर थोडक्यात सांगावयाचे तर असे : दुर्बीण ही पहिली खरेदी नव्हे, चौथी आहे, आणि आधीच्या तिहींपैकी दोन साधनांना जवळजवळ पैसे पडत नाहीत. हे ऐकून पालकांचा चेहरा उतरतो. मास्तर काटकसर शिकवीत आहेत, असे काहींना वाटते. म्हणून प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतो.

नोकरीच्या आरंभी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून मी एक दुर्बीण आणली. खोक्यावर शनीचे व रंगीबेरंगी तेजोमेघांचे चित्र होते, आणि ठळक अक्षरांत छापले होते, "५२५ पट". शाळेच्या गच्चीवर आठवीची पंधरावीस मुले जमवली. शनी चांगला वर आलेला होता. पण दुर्बिणीची तिवई हलक्या पत्र्याची. बोट लागले की सारे यंत्र थरथरे. शनी काचेत येई, आणि स्पष्ट दिसावा म्हणून चाक फिरवावे तो निघून जाई. रांग पुढे सरकेना. शेवटी एक मुलगी बराच वेळ डोळा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हो सर, दिसली कडी." तिच्या मागोमाग मी डोळा लावला. काचेत शनी नव्हताच; नुसता काळोख होता. सरांचे मन मोडू नये म्हणून ती पोर खोटे बोलली होती.

पैसे गेले याचे मला तितकेसे वाईट वाटले नाही. परंतु ज्या साधनाने मुलांना पाहावयास शिकवायचे, त्याच साधनाने न पाहिलेले "पाहिले" म्हणावयास शिकवले, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाला लागणारी होती. वाईट दुर्बिणीचे खरे नुकसान हे असे असते. मूल यंत्राला दोष देत नाही. "मलाच दिसत नाही" असे समजते, आणि पुन्हा गच्चीवर येत नाही.

पहिले साधन : आपला डोळा

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते. परंतु नेत्रपटलाची अंधारातील संवेदनशक्ती पुरती जागी व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा कोणी पांढरा दिवा लावला, की ही सारी कमाई क्षणात जाते. तांबड्या उजेडाने मात्र ती फारशी बिघडत नाही. म्हणून टॉर्चच्या तोंडाला तांबडा जिलेटीन कागद रबराने बांधावा. आकाशनिरीक्षणाची ही पहिली खरेदी, आणि ती चहाच्या पेल्याहून महाग नाही.

मग डोळ्याची परीक्षा घ्यावी. सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती दिसते का ते पाहावे. लग्नात भटजींनी दाखवलेली आणि बहुतेकांनी न पाहताच मान डोलावलेली ती हीच. कृत्तिकांच्या झुबक्यात किती तारे मोजता येतात ते पाहावे. साधारण नजरेला सहा दिसतात. मुलाने हे आकडे तारखेनिशी वहीत लिहावे, आणि जेवढे दिसले तेवढेच लिहावे. ही वही पुढे कोणत्याही काचेहून अधिक कामाची ठरते.

मराठीत आकाशाची गोडी लावणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी लिहिलेले "ज्योतिर्विलास" हे पुस्तक ज्यांच्या घरी जुन्या कपाटात असेल, त्यांनी ते मुलाच्या हाती द्यावे. दुर्बिणीवाचूनही किती आकाश ओळखीचे करून घेता येते, ते त्यावरून कळेल.

दुसरे साधन : नकाशा

पत्ता ठाऊक नसता शहरात हिंडण्यात जो अर्थ, तोच नकाशावाचून दुर्बीण फिरवण्यात. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांचा फिरता तारानकाशा मिळतो. वरच्या चकतीला खिडकी असते, आणि तारीख व वेळ जुळवली की त्या घटकेचे आकाश तीत दिसते. घेताना एकच गोष्ट पाहावी : तो कोणत्या अक्षांशासाठी छापला आहे. परदेशी नकाशे बहुधा ४० किंवा ५० अंशांचे असतात. तेथे ध्रुवतारा आभाळात निम्म्यावर असतो. आपल्या हैदराबादेत तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर आहे. उलट आपल्याला हिवाळ्यात दक्षिणेस ठळक दिसणारा अगस्त्य त्या नकाशात सापडणारच नाही. २० अंशांच्या आसपासचा नकाशा आपल्याला चालतो.

मोबाइलवर हे काम फुकट होते, हे खरे. स्टेलॅरियमसारखी अॅप चांगली आहेत. फक्त पडद्याचा उजेड कमीतकमी ठेवावा आणि त्यात रात्रीची तांबडी छटा असेल तर ती लावावी. नाहीतर अर्धा तास कमावलेली नजर एका क्षणात घालवून बसाल.

नावांनी मात्र गोंधळू नये. आपली रोहिणी इंग्रजी नकाशात आल्डेबरन म्हणून येते. हे नाव मूळ अरबी अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा. कारण हा तारा कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. अभिजिताचे व्हेगा आणि श्रवणाचे अल्टेअर ही नावेही अरबीतूनच आली आहेत. नावे दोन, तारा एकच.

तिसरे साधन : द्विनेत्री

पैसे घालावयाचे ते प्रथम येथे. जिला बाजारात बायनॉक्युलर म्हणतात, ती द्विनेत्री दुर्बीण नवशिक्यासाठी सर्वांत उत्तम. तीत चित्र सुलटे दिसते, आकाशाचा मोठा तुकडा एकदम नजरेत येतो, दोन्ही डोळे वापरले जातात, आणि आकाशाचा नाद सुटलाच तरी ती सहलीला उपयोगी पडते.

तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो. दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते. त्या मानाने ५० मिलिमीटरांचे भिंग सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ७×५० मध्ये ती सुमारे ७, आणि १०×५० मध्ये ५ मिलिमीटर. चाळिशी उलटली की बहुतेकांची बाहुली पाच-साडेपाचाच्या पुढे उघडत नाही. म्हणून घरातील थोरामोठ्यांना मिळून वापरावयाची असेल तर १०×५० घ्यावी. १५×७० सारखी मोठी घेऊ नये. तिला हातात धरून ठेवणे अशक्य, तिवई हवीच.

दुकानात या गोष्टी तपासाव्या. द्विनेत्री हातभर दूर धरून उजेडाकडे करावी. डोळ्याकडच्या काचांत दिसणारे प्रकाशाचे ठिपके पूर्ण वाटोळे असावेत, कडा कापलेल्या असू नयेत. रस्त्यापलीकडची पाटी वाचावी; दोन चित्रे अलगद एक झाली पाहिजेत, कपाळावर ताण येता कामा नये. हलवून पाहता आत काही खुळखुळू नये. भडक तांबड्या काचांची, एकदाच बसवलेल्या फोकसची, आणि पट कमीजास्त होणारी झूमवाली द्विनेत्री टाळावी. फक्त दूरचा किंवा जवळचा चष्मा असेल तर तो काढून पाहता येते. तिरप्या नंबराचा असेल तर तो ठेवूनच पाहावे, आणि तशी सोय असलेली द्विनेत्री निवडावी.

हात थरथरतो, ही तक्रार सर्वांचीच असते. त्यावर उपाय घरातच आहे : आरामखुर्चीत रेलून पाहावे, किंवा गच्चीच्या कठड्यावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर द्विनेत्री टेकवावी.

इतक्यावर काय दिसते? चंद्रावरील विवरे दिसतात. त्यासाठी पौर्णिमा नको, अष्टमीच्या आसपासचा चंद्र हवा. उजेड व काळोख यांच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरे उठून दिसतात. कृत्तिकांतील सहा ताऱ्यांचे डझनावारी होतात. पुष्य नक्षत्रातील धुरकट ठिपका म्हणजे ताऱ्यांचा थवा आहे, हे कळते. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांपासून थोडे अलीकडे, जेथे नवे तारे जन्मत आहेत, तो तेजोमेघ दिसतो. हिवाळ्याच्या आरंभी काळोख्या रात्री देवयानीतील दीर्घिका अंधुक कापसाच्या पेळूसारखी दिसते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल्-सूफीने इ. स. ९६४ च्या सुमारास हिची नोंद "लहानसा ढग" म्हणून केली, ती नुसत्या डोळ्यांनी पाहून. एप्रिल-मे महिन्यांत शहराबाहेर गेलात, तर दक्षिणेस नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोळा पाहण्यास विसरू नये. युरोपातील बहुतेक देशांतून तो दिसत नाही. आपल्याला तो २५ अंशांपर्यंत वर येऊन दर्शन देतो.

आणि गुरूचे चंद्र. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत ते जिच्यातून पाहिले ती दुर्बीण अवघी वीस पटींची होती. माझ्या फजितीच्या पुढच्याच वर्षी एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी आपली जुनी ७×५० द्विनेत्री शाळेस वापरावयास दिली. आजोबा लष्करातून निवृत्त झालेले होते. त्याच गच्चीवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, मुलांनी गुरू पाहिला. कडी पाहिल्याचे सांगणारी ती मुलगीही होती. पुस्तकात चार चंद्र असतात, हे तिला ठाऊक होते. पण या वेळी ती बराच वेळ पाहून म्हणाली, "सर, तीनच आहेत." तक्ता काढून पाहिला, चौथा त्या घटकेस गुरूच्या आड होता. त्या एका वाक्याने माझी आधीची दुर्बीण वसूल झाली.

चौथे साधन : दुर्बीण

वर्षभर हा क्रम चालला, वही भरली, आणि मुलगा स्वतःहून गच्चीवर जाऊ लागला, तर मग दुर्बीण अवश्य घ्यावी. शनीची कडी द्विनेत्रीतून दिसत नाहीत, त्यासाठी पंचवीस-तीस पटी तरी लागतात. येथे एक खुलासा करणे बरे. दर सुमारे पंधरा वर्षांनी ही कडी आपल्याकडे धारेने येतात. तशी ती २०२५ च्या मार्चमध्ये आली होती, म्हणून त्यानंतर काही काळ ती बारीक दिसतात, आणि वर्षागणिक रुंदावत जातात. कडी बारीक दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नये. तसेच द्विनेत्रीला एकच वाटणारा वसिष्ठ लहान दुर्बिणीतही दोन ताऱ्यांत फुटतो, आणि अरुंधतीची ती जुनी ओळख पुन्हा नवी होते.

दुर्बीण निवडताना "किती पट?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "तोंड केवढे?" असे विचारावे. पटी वाढवणे सोपे आहे : मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की पट मिळते. १२०० मिलिमीटरांच्या दुर्बिणीस २५ ची नेत्रिका लावली तर ४८ पट, १० ची लावली तर १२० पट. नेत्रिका बदलत जावे, आकडा वाटेल तितका फुगतो. पण गोळा झालेला प्रकाश तेवढाच राहतो. पट दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि चित्र काळवंडते. तोंडाच्या दर मिलिमीटरामागे दोन पट, ही वरची मर्यादा समजावी. साठ मिलिमीटरांच्या दुर्बिणीस १२० पट झाली की संपले. तिच्या खोक्यावरील ५२५ हा आकडा केवळ गिऱ्हाईक पकडण्यासाठी असतो. शिवाय हवेच्या हालचालीमुळे मोठ्या दुर्बिणीलाही बहुतेक रात्री दीडशे-दोनशेच्या पलीकडे लाभ होत नाही.

दुसरा प्रश्न बैठकीचा. उत्तम भिंग डळमळीत तिवईवर बसवले की ते निकामीच. ध्रुवताऱ्याकडे आस धरून फिरणाऱ्या बैठकी दिसण्यात शास्त्रीय वाटतात. परंतु आपला ध्रुव इतका खाली, की शहरात तो समोरच्या इमारतीआड जातो, आणि बैठक जुळवण्यातच मुलाची झोपेची वेळ होते.

यावर साधा तोड काढला तो जॉन डॉबसन या गृहस्थाने. हे १९४४ पासून तेवीस वर्षे वेदान्त सोसायटीच्या, म्हणजे रामकृष्ण संघाच्या, मठात साधू म्हणून राहिले. हाताशी पैसा नव्हता. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, आणि फळ्यांची अशी एक पेटी केली की तीत दुर्बीण तोफेसारखी वरखाली व आजूबाजूस सहज फिरावी. दुर्बिणीच्या पायी मठातील कामे मागे पडू लागली म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढे ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास आकाश दाखवीत राहिले. त्यांच्या या बैठकीस आज जगभर डॉबसोनियन म्हणतात.

तेव्हा ज्यांना परवडेल त्यांनी सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाची, डॉबसोनियन दुर्बीण घ्यावी. ती उघड्या डोळ्याच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करते, आणि दोन खेपांत जिन्याने गच्चीवर नेता येते. तिचे आरसे अधूनमधून सरळ करावे लागतात. ते काम एकदा दाखवले की चौदा वर्षांचे मूल दहा मिनिटांत करते. ज्यांची ऐपत कमी, त्यांना टेबलावर ठेवण्याजोगी ७६ मिलिमीटरांची तशीच लहान दुर्बीण मिळते. तीही शनीची कडी प्रामाणिकपणे दाखवते. त्याहून कमी पैसे असतील तर दुर्बीण न घेता चांगली द्विनेत्री घ्यावी. हल्ली आपोआप छायाचित्र काढून मोबाइलवर दाखवणाऱ्या दुर्बिणीही निघाल्या आहेत. त्यांची चित्रे सुंदर असतात. पण त्या कॅमेरे आहेत, पाहण्याचा अभ्यास त्यांनी होत नाही.

एक गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवावी. मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतही तारा हा ठिपकाच दिसतो, आणि तेजोमेघ राखाडी दिसतात. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. खोक्यावरचे रंग कॅमेऱ्याचे असतात. हे आधी ठाऊक असले की निराशा होत नाही.

सूर्य आणि पावसाळा

द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, एक क्षणभरही पाहू नये. दृष्टी कायमची जाते, आणि जाताना दुखतही नाही. स्वस्त दुर्बिणीबरोबर नेत्रिकेला बसवावयाची लहानशी काळी सूर्यकाच येते. ती उष्णतेने तडकते. ती पहिल्याच दिवशी फोडून टाकावी. ग्रहणाचा चष्मा आयएसओ १२३१२-२ प्रमाणाचा असला तरी तो नुसत्या डोळ्यांसाठी आहे. तो लावून दुर्बिणीतून पाहणे म्हणजे आगीत हात घालणे. पुठ्ठ्याला टाचणीचे भोक पाडून भिंतीवर सूर्याची प्रतिमा पाडावी. ग्रहण त्यात सुखरूप दिसते.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आमच्या घरची सारी मंडळी गच्चीवर ईदचा चंद्र शोधीत असतात, आणि कोणीतरी उत्साहाने द्विनेत्री आणतो. चंद्रकोर तेव्हा सूर्याच्या अगदी जवळ असते. सूर्य पुरता मावळल्याची खात्री झाल्यावाचून मी कोणाला द्विनेत्री डोळ्याला लावू देत नाही. हा नियम प्रत्येक घराने पाळावा.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरअखेर ढग असतात. त्या दिवसांत साधने दमट कपाटात पडून राहिली, की काचेवर जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती मग निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी. धूळ बसली तर फुंकणीने उडवावी. रुमालाने काच पुसू नये.

न्यासास एक विनंती

शेवटी एक सूचना, आणि तीच या लेखाचे खरे प्रयोजन आहे. आपल्या शहरात नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या पैशाने इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण मागवली, आणि १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेची स्थापना झाली. नवाबांच्या पश्चात ती सरकारकडे आली. या वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारासूचीसाठी सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून दिली. तेथे काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा त्याच वातावरणात, दुर्बिणींच्या सहवासात वाढला. तो पुढे वेणू बाप्पू या नावाने प्रसिद्ध झाला. १९४९ मध्ये त्यांनी एक धूमकेतू शोधला, आणि तमिळनाडूत कावलूर येथील सुमारे ९२ इंची दुर्बीण आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. एका हौशी माणसाची वस्तू सार्वजनिक झाली, म्हणून ती एका कर्मचाऱ्याच्या मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचली.

गरजू विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी चालवणे आपल्या संस्थांना नवे नाही. तशीच लहानशी दुर्बीणपेढी का असू नये? दहा घरांनी दहा निकृष्ट दुर्बिणी घेण्याऐवजी न्यासाने दोन १०×५० द्विनेत्री, दोन फिरते नकाशे आणि एक सहा इंची दुर्बीण घ्यावी. सभासदांच्या मुलांना ती पुस्तकासारखी आठवड्यासाठी नोंद करून द्यावी. आणि परत करताना मुलाने पाहिलेल्या गोष्टींची वही दाखवावी, एवढीच अट असावी. सांभाळण्याचे व शिकवण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.

वहीत "तीनच दिसले" असे लिहिणारे मूल मला चारांची घोकंपट्टी करणाऱ्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. अशी मुले आपल्या घराघरांतून निघोत, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.